सोडलेला मासा

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. कोडगूमधली कावेरी, सकाळचे साडेसात, गुडघाभर पाण्यात उभा मी, आणि माझ्या दोन्ही हातांवर आडवा धरलेला सात-आठ किलोचा महसीर. तळहाताएवढे खवले, निळसर पर, जाड ओठ. माझ्या चेहऱ्यावर असं हसू आहे की नोकरी लागली तेव्हाही मी इतका हसलो नव्हतो. फोटोखाली मी लिहिलं होतं : 'पकडला आणि सोडला.' बंगळुरूच्या ऑफिसातल्या मित्रांनी भरभरून लाइक्स दिले. 'सोडला' या शब्दाला जास्त, असं मला तेव्हा वाटलं.

दिवाळीत आजोळी गेलो तेव्हा हा फोटो मामाला दाखवला. आजोळ शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. मामाची शेती आहे, पण लहानपणापासून त्याचा जीव नदीत. गळ, जाळं, दोन्ही चालवतो. त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरला, फोटो मोठा करून पाहिला आणि दोन वाक्यं बोलला.

"हा आपल्याकडचा मासा नाही."

आणि थोड्या वेळाने : "खायचा नव्हता तर धरला कशाला?"

या दोन्ही वाक्यांनी मला नंतर बरेच महिने छळलं. पहिलं वाक्य चूक होतं, पण ते चूक कसं झालं हे शोधताना दोनशे वर्षं मागे जावं लागलं. दुसऱ्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

खुडरी आणि मुसुल्ला

१८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करायला नेमलं. पेशवाई बुडून सहाच वर्षं झाली होती. नवा मुलूख हाती आला होता आणि त्यात काय काय आहे, हे कंपनी सरकारला हवं होतं. लोकसंख्या, पिकं, शेतसारा, हवामान. साईक्सने हे सगळं मोजलंच, शिवाय पक्षी, प्राणी आणि मासेही टिपून ठेवले. विलायतेला परतल्यावर १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवर शोधनिबंध मांडला.

त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या माशाचं वर्णन आहे. स्थानिक लोक त्याला जे म्हणायचे तेच साईक्सने शास्त्रीय नावात घातलं : खुडरी. आज या माशाचं नाव 'टोर खुडरी'. निळ्या पराचा महसीर, दख्खनी महसीर. माझ्या फोटोतला मासा हाच.

म्हणजे जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत ज्याचं मूळ ठिकाण पुण्याची नदी असं नोंदलेलं आहे, तो मासा पुणे जिल्ह्यातल्या, नदीवर वाढलेल्या माझ्या मामाला परका वाटला. त्यात मामाची चूक नाही. मुळा-मुठेत आज पुण्याखाली काय वाहतं हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. आणि घोडच्या पाण्यात मामाच्या जाळ्यात आता चिलापी येते, जी आफ्रिकेतून आलेली. ती मात्र त्याला 'आपली' वाटते.

साईक्सने आणखी एका माशाचं वर्णन केलं होतं : मुसुल्ला. हा त्याला कुठे मिळाला? शिरूरला, घोड नदीत. माझ्या आजोळच्याच नदीत. पुढे एक मजेशीर गोंधळ झाला. कावेरीच्या खोऱ्यात पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा एक प्रचंड महसीर मिळायचा. इंग्रज शिकारी त्याच्यामागे वेडे होते. विसाव्या शतकाच्या चाळिशीत सुंदरलाल होरा या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञाने हा कुबडा महसीर म्हणजेच साईक्सचा मुसुल्ला, असं ठरवलं. पुढची कित्येक दशकं कावेरीतला जगप्रसिद्ध मासा शिरूरच्या माशाचं नाव लावून फिरत होता. नंतर लक्षात आलं की मुसुल्ला हा महसीरच नव्हे, वेगळाच मासा आहे. नाव काढून घेतलं गेलं आणि कावेरीचा राजा बिननावाचा उरला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'चुकीचा आयडी' म्हणू. रेकॉर्ड असतं, पण ते भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवत असतं. अशा चुकीची किंमत लगेच कळत नाही.

खेळ जुना, सोडणं नवं

गळाने मासे धरण्याचा शौक इंग्रजांनी इथे आणला असा माझा समज होता. तो खोटा निघाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात गादीवर होता. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरपासून फार लांब नाही. त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाने करमणूक कशी करावी याचे अनेक अध्याय आहेत आणि त्यातला एक आहे मत्स्यविनोद. कोणते मासे कुठे राहतात, त्यांना काय खायला घालून लळा लावावा, दोरी कशाची असावी, काठी कशी असावी, आमिष कोणतं, हे सगळं त्यात येतं. या अध्यायावर १९५१ साली पहिल्यांदा सविस्तर लिहिलं तेही होरांनीच.

याच ग्रंथाच्या भोजनाच्या भागात मासे शिजवण्याच्या पद्धती आहेत. सोमेश्वराला खेळ आणि ताट यांत विरोध दिसत नव्हता. मजा म्हणून धरायचा आणि आवडीने खायचा.

आपल्याकडे दुसरीही एक रीत होती, न धरण्याची. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नसे, उलट भाविक त्यांना खाऊ घालत. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे म्हणून महसीर राखलेले आहेत. देवाचा मासा म्हणजे अभय. खायचा तर धरायचा, पुजायचा तर धरायचा नाही. मामाचं तर्कशास्त्र या दोन रीतींतून आलेलं आहे. धरायचा आणि मग सोडायचा, ही तिसरी रीत त्याच्या हिशेबात बसत नाही.

इंग्रजांच्याही हिशेबात ती फारशी नव्हती. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. महसीर हा विलायतेच्या सामनपेक्षाही जबर झुंजणारा मासा आहे, असा डंका त्याने पिटला आणि साहेबलोकांची रीघ लागली. धरलेला मासा काठावर यायचा, तोलला जायचा, फोटो निघायचा आणि मग तो छावणीतल्या माणसांच्या पोटात जायचा किंवा भिंतीवर. १९४६ साली काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातल्या एकाने १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर धरला. गळावर धरलेल्या महसीरचा हा विक्रम आजही सांगितला जातो. हे कुटुंब वाघ-बिबळ्यांच्या कातड्यांत भुसा भरून देण्याबद्दल प्रसिद्ध होतं. शिकारीच्या त्या जगात मासाही एक ट्रॉफी होता.

तरी थॉमसच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी. बारीक डोळ्याच्या जाळ्यांनी पिल्लं मारणं, पाण्यात विष कालवणं, यांवर त्याने सरकारकडे तक्रारी केल्या. १८९७ साली भारतीय मत्स्य कायदा आला. त्याने स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर बंदी घातली. पुढे हाच कायदा धाब्यावर बसवला गेला. धरणं, रस्ते, खाणी यांच्या कामांसाठी आलेले सुरुंग नदीत पडू लागले. एक कांडी टाकली की डोह पांढरा. त्यात पोटाशी अंडी असलेली मादी आणि बोटभर पिल्लू, सगळं सारखंच.

तीन इंग्रज आणि एक रजिस्टर

१९७०च्या दशकापर्यंत कावेरीतला मोठा महसीर संपला, असं मासेमारीच्या शौकिनांत बोललं जात होतं. १९७७-७८ साली तीन इंग्रज तरुण भारतभर महसीर शोधत फिरले आणि शेवटी कावेरीत त्यांना ९० पौंडांच्या वरचा मासा मिळाला. बातमी पसरली. परदेशी शौकीन येऊ लागले. दक्षिण भारतातल्या एका वन्यजीव संघटनेने नदीचा पट्टा राखायला घेतला होताच. पुढे भीमेश्वरी, गालिबोर, दोड्डमकळी इथे छावण्या उभ्या राहिल्या.

या छावण्यांचा नियम एकच : धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात. काठाकाठाने पहारे बसले. जी माणसं आधी सुरुंग टाकायची, जाळी लावायची, त्यांतल्याच काहींना वाटाडे म्हणून पगार मिळू लागला. नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला कसा लावायचा, कुठल्या खडकामागे मासा असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मेलेल्या माशाचे एकदाच पैसे मिळतात, जिवंत माशाचे पुन्हा पुन्हा. अर्थशास्त्र इतकं सोपं होतं, आणि ते चाललं.

गालिबोरच्या छावणीत एक रजिस्टर होतं. कोण आलं, किती तास गळ टाकून बसलं, किती मासे मिळाले, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी संशोधकांच्या हाती लागल्या. सुमारे २३,६०० तासांची मासेमारी आणि ६,१६१ महसीर. सगळे सोडलेले.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. रोज लॉग फाइल्स वाचणारा माणूस मी. पंधरा वर्षांचा सलग लॉग, आणि तोही अशा नदीचा जिथे कुठल्याही सरकारी खात्याने मासे मोजले नव्हते.

नोंदींवरून पहिली गोष्ट दिसली ती आनंदाची. तासागणिक मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. म्हणजे पहारा आणि 'धरा-सोडा' यशस्वी. एवढ्यावर कुणी प्रेझेंटेशन केलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या.

मग त्याच नोंदी माशाच्या जातीप्रमाणे वेगळ्या केल्या गेल्या आणि चित्र उलटलं. वाढत होता तो निळ्या पराचा महसीर. कुबडा महसीर, ज्याच्यासाठी हे सगळं उभं राहिलं होतं, तो वर्षागणिक कमी होत होता. जे कुबडे मिळत होते ते मोठे, म्हातारे. लहान कुबडे दिसेनासे झाले होते. याचा अर्थ नवी पिढी येतच नव्हती. २०१५ साली संशोधकांनी इशारा दिला की हा मासा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे.

एकूण आकडा वर जात असताना आत काय मरतंय हे आकडा सांगत नाही. कामाच्या ठिकाणी ही चूक मी स्वतः केलेली आहे, फक्त तिथे कुणी नामशेष होत नाही.

लोणावळ्याची बोटुकली

निळ्या पराचा महसीर कावेरीत आला कुठून? कारण तो कावेरीचा नाहीच. तो कृष्णेच्या खोऱ्यातला, मुळा-मुठेचा. इथे गोष्ट परत आपल्याकडे येते.

लोणावळ्याला वळवण धरणाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महसीरची पैदास सुरू केली. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा अभ्यास केला होता. त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. पावसाळ्यात तयार झालेल्या मादीचं पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचं बीज घालायचं, वाहत्या स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची. पिल्लं बोटाएवढी झाली की बोटुकली म्हणून धरणांत, नद्यांत सोडायची. धरणांनी ज्याच्या वाटा अडवल्या त्या माशाला धरणाच्याच काठावर वाचवायचं, ही कल्पना त्या काळात फार पुढची होती. लाखो बोटुकली तयार झाली आणि अनेक राज्यांना दिली गेली. या कामाचं मोल कमी नाही. टोर खुडरी एकेकाळी जागतिक यादीत संकटग्रस्त होता, नंतर तो 'कमी चिंतेच्या' गटात आला.

ती बोटुकली कावेरीतही गेली. कुणाचा वाईट हेतू नव्हता. महसीर कमी झालाय, महसीर सोडा. पण सगळ्या महसीरांना एकच मासा समजण्याची ही चूक होती. चुकीच्या आयडीची किंमत इथे कळली. कुबड्याचं धड शास्त्रीय नावही तेव्हा ठरलेलं नव्हतं. ते ठरलं २०१८ साली : टोर रेमादेवी. केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली ज्या माशाचं वर्णन झालं होतं, तोच हा, हे जनुकीय तपासणीतून दिसलं. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. नाव आणि मृत्युपत्र जवळजवळ एकदमच हातात पडलं.

कुबडा फक्त बोटुकल्यांमुळे हटला असं कुणी म्हणू नये. धरणं, वाळूउपसा, आटलेलं पाणी, सुरुंग, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण बाहेरून आणून सोडलेला त्याचा भाऊबंद त्याच्या जागी फोफावला, हे रजिस्टरमध्ये दिसतं.

आणि हे रजिस्टर नसतं तर? कुबडा गेला हे कळायलाही कुणी नसतं. २०१०च्या सुमारास कायद्याचा प्रश्न उभा राहिला. कावेरीचा हा पट्टा १९८७पासून अभयारण्यात येतो आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राणी पकडणंही येतं. मग सोडण्यासाठी का असेना, अभयारण्यात मासा पकडणं म्हणजे शिकार. छावण्यांतली मासेमारी थांबली. २०१२नंतर गालिबोरच्या नोंदीही थांबतात. पहारा सैल झाला आणि सुरुंगवाले परत आले, असं शौकीन सांगतात, काही संशोधकही सांगतात. कायदा बरोबर होता की चूक, यावर मी दोन्ही बाजू वाचल्या आणि दोन्ही वेळा मान डोलावली.

एक मिनिट बावन्न सेकंद

आता माझ्या माशाबद्दल.

मी जिथे गेलो होतो तो पट्टा अभयारण्याच्या बाहेरचा, परवाना काढून जायचा. नियम चांगले होते. गळाला उलटा दात नसलेला काटा, म्हणजे तो ओठातून सहज निघतो. मासा सोडायचाच. माझा मासा वीसेक मिनिटं लढला. मी त्याला खेळवलं, असं म्हणतात. मग जाळीत घेतला, काटा काढला, उचलला. मित्राने फोटो काढले. एकात माझे डोळे मिटलेले, एकात मासा तिरका, एकात सूर्य मागे. मग त्याने व्हिडिओ काढला.

मामाच्या प्रश्नानंतर मी त्या रात्री फोन उघडला आणि फोटोंच्या वेळा पाहिल्या. फोन सेकंदासकट नोंद ठेवतो. पहिल्या फोटोपासून व्हिडिओत मासा पाण्याला टेकेपर्यंत १ मिनिट ५२ सेकंद.

१९९२ साली कॅनडात ट्राउट माशांवर एक प्रयोग झाला होता. माशांना दमेपर्यंत पळवलं आणि लगेच पाण्यात ठेवलं, तर १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरले, तर ३८ टक्के. ६० सेकंद धरले, तर ७२ टक्के. हे मृत्यू लगेच होत नाहीत, नंतरच्या तासांत होतात. तोवर फोटो अपलोड झालेला असतो.

ट्राउट म्हणजे महसीर नव्हे. कावेरीतल्या निळ्या पराच्या महसीरवर २०१६ साली स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात हा मासा बऱ्यापैकी तग धरतो असं दिसलं. मात्र जास्त दमवू नका, हवेत जास्त धरू नका, असं त्यांनीही बजावलं. व्हिडिओच्या शेवटी माझा मासा माझ्या हातांतून सुटतो, एका कुशीवर कलंडतो, मग शेपटी हलवतो आणि गढूळ पाण्यात दिसेनासा होतो. तो जगला असावा. 'असावा' यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

माशाला दुखतं का? २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं गेलं. ते मासे डोलायला लागले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, बराच वेळ खाल्लं नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, माणसासारखा मेंदूचा वरचा थर माशाला नाही, त्यामुळे याला 'दुःख' म्हणता येणार नाही. वाद मिटलेला नाही. पण वाद मिटलेला नसताना गळ टाकत राहायचं, ही निवड आपण केलेलीच असते.

स्वित्झर्लंडच्या प्राणीसंरक्षण नियमांत सोडून देण्याच्या हेतूनेच मासे पकडायला मनाई आहे. जर्मनीत वाजवी कारणाशिवाय पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला वेदना देणं गुन्हा आहे. खाणं हे वाजवी कारण, निव्वळ गंमत हे नव्हे. ते वाचून मला हसू आलं. आल्प्सच्या पायथ्याशी वकिलांनी बसून जे लिहिलं, ते घोडच्या काठी मामाने एका वाक्यात म्हटलं होतं.

आणि याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मी सोडला तो टोर खुडरी होता. कावेरीतला पाहुणा, कुबड्याच्या जागेवर बसलेला. त्या नदीचा विचार केला, तर तो परत न सोडणंच कदाचित बरोबर ठरलं असतं. म्हणजे ज्या कृतीचा मला सर्वांत जास्त अभिमान होता, तिने त्या माशाचं भलं केलं की नाही माहीत नाही, आणि नदीचं बहुधा केलं नाही. भलं झालं ते फक्त फोटोखालच्या ओळीचं.

चढणीचे मासे

उन्हाळ्यात परत शिरूरला गेलो तेव्हा हे सगळं मामाला सांगितलं. साईक्स, लोणावळा, कावेरी. आपल्या पुण्याचा मासा तिकडे जाऊन दांडगा झाला, हे ऐकून तो खूश झाला. मग मी वकिली केली. म्हटलं, "मामा, तू खातोस म्हणून तुझं बरोबर, असं धरू. मग पहिल्या पावसात चढणीचे मासे मारता ते?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पहिला जोराचा पाऊस झाला की मासे अंडी घालायला ओढ्यांत, वरच्या पाण्यात चढतात. पोटं गाभोळीने भरलेली. उथळ पाण्यात ते हाताने, टोपलीने, काठीनेसुद्धा मिळतात. अख्खा गाव लोटतो. आपल्या कथा-आठवणींत या दिवसाचं फार गोडवं आहे. आणि हाच तो दिवस, जेव्हा एक मासा मारणं म्हणजे हजारो मारणं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचे आण्णा म्हणायचे, पहिला पूर जाऊ द्या. कुणी ऐकलं नाही. मीबी नाही." थोडं थांबून, "तवा मासा लई होता रे. संपंल असं वाटलंच नाही."

मला वाटतं, १२० पौंडी महसीर काठावर आणणाऱ्यालाही असंच वाटलं असेल. बोटुकली सोडणाऱ्यालाही संपेल असं वाटलं नाही, उलट वाचेल असं वाटलं. धरणारा आणि सोडणारा, दोघेही आपल्या हातातल्या एका माशाकडे बघत होते. नदी कुणी बघत नव्हतं. बघितली ती त्या रजिस्टरने, तीही योगायोगाने, कारण कुणीतरी रोज संध्याकाळी कंटाळा न करता तास आणि वजनं लिहीत होतं.

म्हणून ठेवायचा की सोडायचा, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर नाही. घोडमधली चिलापी खुशाल ठेवावी. पहिल्या पुरातला गाभोळीचा मासा सोडावा, खरं तर धरूच नये. कुबडा महसीर कुणाच्या गळाला लागलाच तर त्याला पाण्याबाहेरही काढू नये, लिहून मात्र ठेवावं. आणि कुठला मासा आहे हे ओळखता येत नसेल, तर गळ टाकण्याआधी ते शिकावं. एवढं मी स्वतःला सांगितलं आहे. मी परत कावेरीवर गेलेलो नाही. जाणारच नाही, अशी शपथ घेतलेली नाही, कारण रीळ किरकिरायला लागतं तेव्हा छातीत काय होतं ते मला आठवतं, आणि त्याबद्दल खोटं बोलायचं नाही.

फोटो मी काढून टाकला नाही. त्याखालची ओळ बदलली. आता तिथे लिहिलं आहे : टोर खुडरी, मूळ गाव पुणे, पाण्याबाहेर १ मिनिट ५२ सेकंद. या वेळी लाइक्स कमी आले.

त्या संध्याकाळी मामाने जाळं काढलं. पाच चिलाप्या आणि तळहातापेक्षा लहान असा एक मासा, ज्याचं नाव दोघांनाही येत नव्हतं. मामाने तो उलटा-सुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पाण्यात टाकला.

"फोटो नाय काढला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, राहिला. मग चिलाप्या साफ करायला बसलो. खवले काढायचं काम मामाने मलाच दिलं.